संघप्रिया आणि पार्टी

संघप्रियाचा फोन वाजला तेव्हा ती आंघोळीला गेली होती आणि फोन चार्जिंगला लावलेला होता, म्हणून तो कृष्णातनं उचलला. पुढच्या सगळ्या घोळाची सुरुवात इतकी साधी होती.

"हॅलो, संघप्रिया मॅडम का?"

"मॅडम आंघोळीला गेल्यात. मी वडील बोलतोय. बोला पावणं."

"मी पृथ्वीराज. ती आरोग्याची सरकारी समिती गुरुवारी कोल्हापुरात येणार हाय न्हवं, तिची इथली सगळी व्यवस्था माझ्याकडं हाय. ते संगीताचं तुमचंच का?"

"व्हय. आमचंच की."

"तुम्हाला दुपारी तीनची वेळ दिलीय. साहेबांचं जेवण झालं की लगेच. चालतंय न्हवं?"

"चालतंय की. न चालायला काय झालं?"

"माणसं किती येणार?"

इथं कृष्णात थबकला. लेक एकटीच जाणार होती हे त्याला माहीत होतं. पण सबंध नोकरी त्यानं केएमटीत, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बसवर, ड्रायव्हर म्हणून केली होती आणि कामगार संघटनेच्या कितीतरी बैठका बघितल्या होत्या. एकटा माणूस निवेदन घेऊन गेला की साहेब त्याला दारातच वाटेला लावतो आणि दहा जण गेले की चहा सांगतो, हे त्याला पाठ होतं. सरकार माणसं विचारतंय म्हणजे सरकार माणसं मोजणार.

"आठ-धा तरी येतील," तो म्हणाला.

"मग स्टेज मोठा धरतो. साऊंड आमचा. पेटी-ढोलकी तुमची आणा."

एखाद्याला इथं तरी शंका आली असती. कृष्णातला आली नाही, कारण संघप्रियाच्या कामाच्या खोलीत पेटी होती, डफ होता, खंजिरी होती. त्या पेटीचा भाता त्यानं स्वतः दुरुस्त करून दिला होता. ढोलकी तेवढी तिच्याकडं नव्हती. पण सरकारला ढोलकी पाहिजे असेल तर ती कुठं मिळते हे कृष्णातला चांगलंच माहीत होतं.

संघप्रिया संगीतोपचारक होती. हा शब्द मंगळवार पेठेत पहिल्यांदा आला तेव्हा लोकांनी तो उलटासुलटा करून बघितला होता. कुणी तिला गाण्याची मास्तरीण म्हणालं. शेजारच्या एका म्हातारीनं, "गाणं म्हणून मंतरती व्हय?" असं विचारून घेतलं. पुण्याला राहून तिनं रीतसर शिक्षण घेतलं होतं आणि शाहूपुरीतल्या मेंदूविकारांच्या एका दवाखान्यात ती नोकरी करत होती. झटका येऊन वाचा गेलेली माणसं, चालताना पाय अडखळणारे म्हातारे, बोलायलाच न शिकलेली मुलं, अशांच्याकडून ताल आणि सूर वापरून हळूहळू काम करवून घ्यायचं, डॉक्टरांशी बोलून, तपासून, पुन्हा तपासून, हा तिचा धंदा. आठवड्यातून एक दिवस ती एका सरकारी दवाखान्यातही जायची. तिथल्या फाटकावर तिला जो पास मिळायचा त्यावर 'करमणूक' असं लिहिलेलं असायचं.

तिचं दुखणं तेवढंच नव्हतं. मान्यता नाही म्हटल्यावर कुणीही उठून दुकान मांडत होतं. शहरातला एक गृहस्थ मधुमेहावर एक आणि मुतखड्यावर एक असे गाण्यांचे पेनड्राइव्ह विकायचा, आणि मग लोक संघप्रियाला विचारायचे, "मॅडम, तुमचा पेनड्राइव्ह केवढ्याला?" राज्यभरातले तिच्यासारखे लोक एकत्र येऊन बरेच दिवस सरकारच्या मागं लागले होते. आमच्या कामाला आरोग्यसेवेत घ्या, शिकलेल्यांची नोंदणी करा, सरकारी दवाखान्यात आमच्यासाठी जागा काढा, एवढंच त्यांचं म्हणणं. समिती कोल्हापुरात येणार असं कळल्यावर सगळ्यांच्या वतीनं बोलायचं संघप्रियावर आलं होतं. गेले कित्येक दिवस ती जेवतानासुद्धा ओठांतल्या ओठांत भाषण घोटत होती.

ती केस पुसत बाहेर आली. "कुणाचा फोन होता पप्पा?"

"समितीचा. गुरुवारी तीनला बोलावलंय. माणसं किती येणार म्हणून विचारलं. मी आठ-धा म्हणालो."

"बरं झालं. मला वाटलंच न्हवतं फोन येईल म्हणून. पेशंटच्या घरची माणसं यायची म्हणतच हुती, त्यांना सांगतो मी." घरात ती अस्सल कोल्हापुरी पोरींसारखी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायची. "पण शांत बसायचं म्हणावं."

"बसतील की," कृष्णात म्हणाला. पेटी-ढोलकीचं सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण ती तोवर आरशासमोर जाऊन पुन्हा भाषण म्हणायला लागली होती. म्हटलं, राहू दे. आयत्या वेळी बघेल आणि खूश होईल.

कृष्णातची स्वतःची गायन पार्टी होती. जयंतीला भीमगीतं गायची, लांब चंदगडापर्यंत जाऊन गायची. पेटीला तो स्वतः, ढोलकीला ज्ञानू, टाळाला एक, खंजिरीला एक, मागं सूर धरायला चौघं-पाच जण. निळी जाकिटं, पांढरे फेटे. त्याच संध्याकाळी त्यानं सगळ्यांना विहारात गोळा केलं.

"सरकारनं बोलावलंय," तो म्हणाला.

"आपल्याला?" ज्ञानूनं विचारलं.

"संघप्रियाला. पण ताकद दावायला आपून जायाचं."

ज्ञानूनं ढोलकीची शाई बदलून आणली. जाकिटं इस्त्रीला गेली. रोज संध्याकाळी सराव सुरू झाला. कृष्णातनं तर संगीत आणि आरोग्य यांवर एक नवं गाणंच रचलं आणि त्यात 'मेंदू'ला यमक काय बसवावं म्हणून तो दोन दिवस डोकं खाजवत फिरला.

त्याची बायको शेवंताबाई हे सगळं भाकऱ्या थापत बघत होती. "पोरगीला सांगितलंय का ह्ये?"

"सांगितलंय की. आठ-धा माणसं येत्यात म्हणून."

"कुठली माणसं, ते?"

"ते तिथं आल्यावर दिसंलच की तिला. खूश हुईल."

"मग मी बी येतो," शेवंताबाई म्हणाली. "ती कशी खूश हुती ते मला बी बघायचंय."

गुरुवारी संघप्रिया लॅपटॉप घेऊन आधीच सभागृहावर पोचली. तिच्याबरोबर पेशंटांच्या घरची चार माणसं होती आणि अतुल व त्याची बायको होती. अतुल केएमटीत कंडक्टर. कृष्णातच्या गाडीवर त्यानं वर्षानुवर्षं घंटी मारलेली. नोकरीत असतानाच त्याला झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. सगळी भाषा गेली आणि तोंडात एकच शब्द उरला, 'आयला'. चहा देऊ का विचारलं तरी आयला, दुखतंय का विचारलं तरी आयला. बायको बिचारी रडायची आणि मध्येच हसायची.

संघप्रियानं त्याला हातात घेतलं तेव्हा ती एक दिवस घरी येऊन बापाला विचारत बसली होती, "पप्पा, अतुलकाका गाडीत कसे ओरडायचे? शब्द नकोत, चाल सांगा." कृष्णातनं चुलीपुढं उभं राहून चाल म्हणून दाखवली होती. ती चाल धरून, अतुलचा डावा हात मांडीवर थोपटत, तिनं त्याच्या गळ्यातून आधी जुनी वाक्यं बाहेर काढली आणि मग त्याच चालीत नवे शब्द बसवायला घेतले. आता त्याला पाणी मागता येत होतं, नको म्हणता येत होतं. बायकोचं नाव घेता येत होतं. कृष्णात ही गोष्ट पेठेत ज्याला त्याला सांगायचा. स्वतःच्या चालीचा भाग तो जरा लांबवायचा, एवढंच.

तर या सगळ्यांना आत पाठवून संघप्रिया सभागृहाच्या पायऱ्यांवर उभी असताना टेम्पो आला आणि त्यातून निळी जाकिटं उतरायला लागली. मागोमाग पेटी उतरली. ढोलकी उतरली. शेवटी शेवंताबाई उतरली आणि जिथून लेकीचं तोंड नीट दिसेल अशा जागी जाऊन उभी राहिली.

"पप्पा, ह्ये काय?"

"तुझी पार्टी," कृष्णात म्हणाला.

तिनं काही विचारायच्या आत आतून पृथ्वीराज धावत आला. हातात मोबाईल, कपाळावर घाम. "आलात व्हय. चला, पटापट मांडून घ्या. साहेब अजून पांढऱ्या रश्शावर हाईत, तवर साऊंड बघून घिऊ."

"कसला साऊंड?" संघप्रिया म्हणाली. "मला प्रोजेक्टर पाहिजे."

"पडद्यावर शब्द दाखवून गाणार व्हय? तसं सांगितलं न्हाय फोनवर."

त्याच्यामागं दारावर दिवसाचा कार्यक्रम चिकटवलेला होता. सकाळभर सुनावणी. त्याखाली जेवण. आणि जेवणाखाली ठळक अक्षरांत : 'भोजनोत्तर मनोरंजन – संघप्रिया आणि पार्टी.'

संघप्रियानं ते वाचलं. कृष्णातनंही वाचलं. पार्टीतल्या सगळ्यांनी वाचलं, आणि ज्ञानू एकटाच खूश होऊन म्हणाला, "ठळक छापलंय की."

"आमची सुनावणी होती," संघप्रियाचा आवाज एकदम बारीक झाला. "आरोग्याच्या यादीत नाव दिलं होतं मी."

"व्हतं की मॅडम," पृथ्वीराज समजावणीच्या सुरात म्हणाला. "वरनं यादी आली ती अशी. फिजिओथेरपी, हाडांचे डॉक्टर, आहारतज्ज्ञ, तपासणीवाले, आणि मध्येच संगीत. मी म्हटलं ह्ये चुकून हिकडं पडलंय. उचलून सांस्कृतिकमध्ये टाकलं. तरी मी खात्री करायला फोन केलता. ह्ये तुमचे वडीलच म्हणाले, व्हय, आमचंच की."

"आणि सुनावणी?"

"सकाळीच उरकली. प्रत्येकाला पाच मिनिटं."

तिनं बापाकडं बघितलं. ती ओरडली असती तर कृष्णातला बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्या माणसांना तोंड देण्यात त्याची हयात गेली होती. पण ती फक्त लॅपटॉपची पिशवी खांद्यावर सारत म्हणाली, "मी घरी जातो पप्पा," आणि पायऱ्या उतरायला लागली.

"मॅडम, मॅडम," पृथ्वीराजच्या तोंडचं पाणी पळालं. "साहेब हात धुऊन निघालेत. स्टेजवर कुणीच नसलं तर माझं काय हुईल?" मॅडम थांबत नाहीत असं बघून त्यानं कृष्णातचा दंड धरला आणि त्याला आत ढकललं. मागून पार्टी गेली, कारण पार्टीला कृष्णातच्या मागून जायची सवयच होती.

आत सगळं थाटात होतं. खाली गादी, वर झुंबर, समोर एकाला एक लागून माईक. इतका मोठा हॉल आणि इतका गोड साऊंड कृष्णातनं उभ्या आयुष्यात बघितला नव्हता. पेटीवर नुसतं बोट ठेवलं तरी सूर मागच्या भिंतीपर्यंत जाऊन परत येत होता. समितीचे सभासद, खात्याचे अधिकारी, शहरातले मानकरी बडीशेप चघळत आले आणि पुढच्या कोचांवर पसरले. मागच्या रांगांत संघप्रियाची चार माणसं, अतुल आणि त्याची बायको बसलेली होती. त्यांना बाहेर काय झालं याचा पत्ता नव्हता.

समितीच्या अध्यक्षांनी पोटावरून हात फिरवला. माणूस परजिल्ह्यातला, स्वभावानं दिलखुलास. "होऊ द्या काहीतरी फर्मास," ते म्हणाले. "तांबडा रस्सा जिरला पाहिजे."

कृष्णातचा हात पेटीवरच थांबला.

त्याच्या बापाच्या घरात खुंटीला एक हलगी असायची. गावच्या वाड्यांवर पंगती उठल्या की त्यांच्या दारात ती वाजवायची, आणि मग उरलेलं पदरात घ्यायचं, असा तो काळ. छप्पन साली बापानं धम्म घेतला आणि ती हलगी खुंटीवरून उतरवली. जेवलेल्या माणसांच्या पुढं पुन्हा वाजवणार नाही, असं म्हणून तो गाव सोडून कोल्हापूरला हमालीला आला. कृष्णात गायला लागला तो जयंतीला, आपल्या माणसांत, आपल्या मनानं. आणि त्याची लेक त्याच सुरांनी माणसाला गेलेली भाषा परत आणून द्यायला शिकली. इथवर येऊन आता आपण रस्सा जिरवायला बसलो आहोत आणि बसवणारे आपणच आहोत, हे त्याच्या ध्यानात आलं.

खरं सांगायचं तर गायचा मोहही तेवढाच होता. हॉल वाट बघत होता. नव्या गाण्यात 'मेंदू'ला यमक शेवटी सापडलं होतं.

त्यानं माईक जवळ ओढला. "जयभीम. आमी मंगळवार पेठेतली मंडळी. आज आमी गाणार न्हाय."

वाक्य संपलं की थाप द्यायची सवय असल्यामुळं ज्ञानूची ढोलकीवर एक सणसणीत थाप पडली. डोळा लागत आलेले दोन सभासद दचकून ताठ बसले.

"घोळ माझ्याकडनं झालाय," कृष्णात म्हणाला. "फोन मी उचललाता. ज्यांचं नाव छापलंय ती माझी लेक हाय. ती गायला आल्याली न्हाय, बोलायला आल्याली हाय. सकाळच्या पाच मिनिटांत तिचा नंबर यायचा व्हता, तो माझ्यापायी हुकला. आमचा वेळ आमी तिला देतोय. अर्धा-पाऊण तास हाय म्हणं. तेवढं तिचं ऐकून घ्या."

साऊंड खरोखरच चांगला होता. हे सगळं बाहेर फाटकापर्यंत ऐकू गेलं. संघप्रिया तिथं रिक्षा शोधत होती. तिनं रिक्षावाल्याला हातानंच जा म्हटलं.

ती आत आली तेव्हा अधिकाऱ्यांच्यात कुजबुज चालली होती. अध्यक्षांना मात्र गंमत वाटली असावी. "या," ते म्हणाले. "वेळ तर तुमचाच आहे."

प्रोजेक्टर नव्हताच. मागं निळ्या जाकिटांची रांग, पुढं माईक, आणि मधोमध ती. घोटून घोटून पाच मिनिटांचं केलेलं भाषण बाजूला ठेवून तिनं साधं बोलायला सुरुवात केली. दवाखान्यात काय चालतं ते सांगितलं. पासवरची 'करमणूक' सांगितली, पेनड्राइव्हवाला सांगितला. पेनड्राइव्हला हॉल हसला. "हसू नका," ती म्हणाली, "तुमच्यापैकी कुणाकडे तरी असेल," तेव्हा एक अधिकारी खाली बघून बुटाची लेस बांधायला लागले.

कृष्णात पेटीमागं बसून लेकीची पाठ बघत होता. तिचं निम्मं बोलणं त्याला कळत नव्हतं. पण गाडी कधी चढणीवर आहे आणि कधी उतारावर हे इंजिनाच्या आवाजावरून कळतं, तसं त्याला कळत होतं. गाडी चढणीवर होती आणि दमत नव्हती.

"एक विचारू?" अध्यक्ष म्हणाले. "गाण्यानं बरं वाटतं हे आम्हालाही ठाऊक आहे. मी रोज सकाळी रेडिओ लावतो. त्याला शासनाची मान्यता कशाला?"

"तुम्ही रोज सकाळी चालायलाही जात असाल साहेब. म्हणून फिजिओथेरपीवाल्यांना तुम्ही नको म्हणालात का?"

कुणीतरी मागं टाळी वाजवली. एक मोठे अधिकारी मात्र कातावले. "हे सगळं बोलणं झालं. प्रत्यक्ष काही दाखवा. तुमचे पेशंट आले आहेत म्हणे, आणा एखाद्याला वर. इथंच करून दाखवा."

"नाही," संघप्रिया म्हणाली.

"का?"

"सकाळी हाडांचे डॉक्टर आले होते. त्यांना तुम्ही कुणाचा तरी पाय मोडून इथं जोडून दाखवायला सांगितलंत का?"

हॉल हसला, आणि ज्यांच्यावर हसला ते अधिकारी उठलेच. तेवढ्यात दारात चहा आला. चहाच्या निमित्तानं आणखी दहा-बारा जण उठले आणि मधल्या वाटेत दाटी झाली. पृथ्वीराज त्यांच्या पाया पडल्यासारखा, "बसा, बसा," करत फिरत होता, पण कोण ऐकतो? संघप्रिया माईकपाशी तशीच उभी राहिली. कृष्णातला वाटलं, संपलं. चढणीवर गाडी बंद पडली.

तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला. मोठा, खडखडीत, केएमटीच्या टपापर्यंत जाणारा.

"पुढंऽ सरकाऽ... पुढंऽ मोकळंऽ हाय..."

त्या हॉलमध्ये जे जे कोल्हापूरचे होते ते ते लहानपणापासून या हाकेवर हललेले होते. कुणी विचार केला नाही. वाटेत दाटलेली सगळी माणसं, चहाच्या कपांसकट, निमूट पुढं सरकली आणि पुढच्या मोकळ्या खुर्च्यांवर बसून गेली. ते कातावलेले अधिकारी परगावचे होते, पण मागून रेटा आल्यामुळं तेही बसले.

अध्यक्षांनी मान वळवून बघितलं. "हे कोण?"

अतुल उभा होता. डाव्या हातानं पुढच्या खुर्चीची पाठ धरून. त्याच्या बायकोनं सांगितलं, तो कंडक्टर होता, झटका आला, वर्षभर त्याला एका शब्दाशिवाय काही बोलता येत नव्हतं.

"काका," अध्यक्ष उठून त्याच्याजवळ गेले, "शासनाला काही सांगायचंय का तुम्हाला?"

संघप्रिया स्टेजवरून पटकन म्हणाली, "साहेब, त्यांना घाई करू नका. नवं वाक्य जुळवायला त्यांना वेळ लागतो. कधी जुळत नाही. नाही जुळलं तरी चालेल काका."

अतुलनं तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याची शीर फुगली.

"आयला," तो म्हणाला.

हॉलमध्ये खसखस पिकली. त्याची बायको पदरात तोंड लपवून हसली. अध्यक्ष मात्र तिथंच उभे राहिले. अतुलनं मान हलवली, डोळे मिटले आणि डावा हात मांडीवर थोपटायला लागला. एक... दोन... स्टेजवर कृष्णातचं पाऊल त्या ठेक्यावर आपोआप हलायला लागलं. गर्दीच्या गाडीत कुणी बाईमाणूस उभी असली की अतुल ज्या चालीत ओरडायचा, ती चाल आली.

"पोरगीलाऽ..." तो म्हणाला. थांबला. पुन्हा थोपटलं. "पोरगीलाऽ... जागाऽ... द्याऽ..."

त्याच्या बायकोनं तोंडावरचा पदर खाली घेतला.

"जागा?" अध्यक्षांनी स्टेजकडं बघितलं.

"सरकारी दवाखान्यात, साहेब," संघप्रिया म्हणाली. "तेच मागायला आले आहे मी. हे वाक्य मी त्यांना शिकवलेलं नाही. आज पहिल्यांदाच ऐकतेय."

अध्यक्ष परत येऊन बसले. मग त्यांनी सकाळची सुनावणी टिपून घेणाऱ्या लघुलेखकाला हाक मारली. तो मागं भिंतीला टेकून पाय लांब करून बसला होता.

"लिहून घेतलंत हे?"

"साहेब, सांस्कृतिक कार्यक्रमाची नोंद होत नसते."

"हा सांस्कृतिक कार्यक्रम नाही. सुनावणी आहे. घ्या पहिल्यापासून." मग ते संघप्रियाकडं वळले. "मॅडम, मी तुम्हाला आज शब्द देत नाही. शिफारस करणं माझ्या हातात आहे, ती करतो. पण नोंदीसाठी हे सगळं आत्ता पुन्हा बोलावं लागेल. आणि या वेळी पाच मिनिटांत नको, नीट सांगा."

पार्टीला बाहेर जायला सांगितलं. निळी जाकिटं झाडाखाली चहा पीत उभी राहिली. खिडकीतून संघप्रियाचा आवाज येत होता, मध्येच अध्यक्ष काही विचारत होते, मघाचे कातावलेले अधिकारीही विचारत होते आणि ती उत्तरं देत होती.

"गाणं कवा हाय मग?" ज्ञानूनं विचारलं.

"गप ऐक की," कृष्णात म्हणाला.

शेवंताबाई खिडकीच्या गजाला नाक लावून उभी होती. बऱ्याच वेळानं ती वळली. "खूश दिसती," एवढंच म्हणाली.

संघप्रिया बाहेर आली तेव्हा उन्हं उतरली होती. ती सरळ बापाकडं आली आणि म्हणाली, "पप्पा, भूक लागली." कृष्णातला एवढं पुरे झालं. सगळे टेम्पोतनंच घरी गेले. अतुल पुढं ड्रायव्हरशेजारी बसला आणि प्रत्येक वळणावर हात बाहेर काढत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेठेतल्या चहाच्या गाड्यावर कृष्णातच्या पाठीवर थापा पडायला लागल्या. पेपरात फोटो आला होता. निळी जाकिटं, पांढरे फेटे, मधोमध पेटीवर हात ठेवलेला कृष्णात. संघप्रियाचा खांदा तेवढा कडेला दिसत होता. वर मथळा : 'मंगळवार पेठेच्या गायन पार्टीने आरोग्य समितीला डोलविले.'

घरी संघप्रिया पोट धरधरून हसली. "राहू दे पप्पा. छान आलाय फोटो. फ्रेम करू या."

कृष्णात हसला नाही. त्यानं पेपर घडी घालून खिशात घातला, जाकीट चढवलं आणि शाहूपुरीतलं त्या पेपरचं ऑफिस गाठलं. बातमी देणारा सम्राट नावाचा पत्रकार टेबलावर वडापाव खात होता. त्यानं फेट्याविनाही कृष्णातला ओळखलं.

"या काका. खूश न्हवं? चांगली मोठी घेतलीय बातमी."

"चुकीची हाय. आमी गायलोच न्हाय."

"असं कसं? पेटी दिसती की फोटोत."

"पेटी हुती. पण गायलो न्हाय. ढोलकीची एक थाप पडली, ती बी चुकून. जे काय बोलली ती माझी लेक बोलली. ती संगीतोपचारक हाय." हा शब्द त्यानं एकेक अक्षर सुटं करून सांगितला आणि सम्राटनं तो कागदावर बरोबर लिहिला की नाही हे वाकून बघितलं. "आमची पार्टी गायली न्हाय, असं छापा."

सम्राट चक्रावला. "काका, हितं रोज माणसं येत्यात, आमचं गाणं झालं म्हणून छापा म्हणत. आणि तुमी न गाण्याची बातमी मागताय?"

"व्हय," कृष्णात म्हणाला आणि समोरची खुर्ची ओढून ऐसपैस बसला. "जन्मभर गायलो, ते कुणी छापलं न्हाय. एकदाच गप बसलोय. ते तरी नीट छापा."